पावसाळ्यात वारंवार तुटणारा घडीचा वायरलेस कीबोर्ड : पुन्हा पेअर करण्याआधी काय तपासावे

गेल्या दोन पावसाळ्यांत मी आणि माझ्यासारखेच फिरतीवर मराठी लिहिणारे माझे काही स्नेही एकाच तक्रारीने त्रस्त झालो. टॅब किंवा मोठ्या पडद्याचा मोबाइल समोर उभा करावा, घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड उघडावा, चार-सहा ओळी सुरळीत उमटाव्यात, आणि मग कधी एखादे अक्षर गळावे, कधी एकच अक्षर दहा वेळा उमटावे, तर कधी कीबोर्ड काही वेळ मुका होऊन पुन्हा जागा झाल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे टाकू लागावा. या सगळ्याला आम्ही ‘कीबोर्ड तुटतो’ असे एकच नाव दिले होते आणि त्यावर उपायही एकच करत होतो : टॅबच्या ब्लूटूथ यादीतून कीबोर्ड काढून टाकायचा आणि पुन्हा पेअर करायचा. आता माझे ठाम मत असे आहे की शेवटी करायचा हा उपाय आपण सर्वांत आधी करतो, आणि त्यामुळेच तक्रार परत परत उद्भवते. पेअर करताना कीबोर्ड बंद होऊन चालू होतो, टॅबचा ब्लूटूथ संपर्क नव्याने सुरू होतो, मध्ये दोन-तीन मिनिटे जातात. एवढ्याने मूळ दोष काही काळ झाकला जातो आणि तो ओळखण्याची खूणही पुसली जाते.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो. ग्रामसभा, देवस्थानांचे उत्सव आणि नाट्यप्रयोग यांचे वृत्तांत जागेवरच लिहून त्याच रात्री पाठवणे हे माझे नेहमीचे काम आहे. जून ते सप्टेंबर स्कूटरवरून लॅपटॉप नेणे परवडत नाही, म्हणून आठ इंची टॅब आणि तीन पाट्यांचा घडीचा कीबोर्ड एवढाच सरंजाम मी रेनकोटच्या आत बाळगतो. एका रविवारच्या ग्रामसभेत एका वादग्रस्त ठरावावर हात वर करून मतमोजणी चालली होती. मी ‘ठराव’ एवढा शब्द टंकून थांबलो होतो. मोजणी, हरकत, पुन्हा मोजणी असे करत वीस मिनिटे गेली. निकाल जाहीर होताच मी ‘अमान्य’ असा शब्द टंकला आणि पुढच्या वाक्याकडे वळलो. घरी येऊन वाचतो तर पडद्यावर ‘ठराव मान्य’ असे होते. पाठवण्यापूर्वी वाचले म्हणून निभावले. एका गळलेल्या अक्षराने गावाच्या निर्णयाचा अर्थ उलटा होऊ शकतो, हे त्या रात्री लक्षात आल्यापासून मी या दोषांचा माग काढायला लागलो, आणि त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

आधी कीबोर्ड टॅबला नेमके काय पाठवतो ते समजून घेतले पाहिजे. तो अक्षरे पाठवत नाही. कोणती कळ दाबली गेली आणि कोणती सुटली, एवढेच तो क्रमांकांच्या रूपात कळवतो. त्या क्रमांकाचे ‘क’ करायचे की रोमन ‘k’, हे टॅबमधला कीबोर्डचा आराखडा, म्हणजे लेआउट, ठरवतो. त्यामुळे अक्षर उमटले पण चुकीचे उमटले, तर दोष बहुधा टॅबकडे असतो. अक्षर गळले किंवा अनेकदा उमटले, तर तो बहुधा मधल्या रेडिओच्या, म्हणजे बिनतारी लहरींच्या, वाटेवर असतो. आणि कीबोर्ड पूर्ण मुका झाला, तर आधी विजेचा, त्यानंतर चुंबकाचा आणि झोपेचा संशय घ्यावा. ही वाटणी सर्व वेळी काटेकोर ठरते असे नाही, पण तपास कोठून सुरू करायचा हे तिच्यामुळे कळते.

झोपेचे कारण सर्वांत सोपे आहे, आणि माझ्या ‘अमान्य’चे ‘मान्य’ त्यानेच केले होते. वीज वाचवण्यासाठी हे छोटे कीबोर्ड काही मिनिटे कळ दाबली गेली नाही की जोडणी सोडून झोपी जातात. हा अवधी बनावटीप्रमाणे वेगवेगळा असतो. त्यानंतरची पहिली कळ त्याला जागे करण्यात खर्ची पडते. काही कीबोर्ड ती कळ लक्षात ठेवून जोडणी झाल्यावर पाठवतात, अनेक पाठवत नाहीत. उपाय असा की थांबून पुन्हा लिहिताना आधी नुसती शिफ्ट दाबावी, जिच्याने कोणतेही अक्षर उमटत नाही, आणि दोन सेकंद थांबून मग लिहायला लागावे. भाषणात वक्ता थांबला, मतदान सुरू झाले, कीर्तनात मध्यंतर झाले, की परत सुरू करताना शिफ्ट दाबण्याची सवय मी बोटांना लावून घेतली आहे. यासाठी कोणतेही सेटिंग बदलावे लागत नाही.

विजेच्या दोषाकडे मात्र सावकाश पाहावे लागते, कारण गोव्याच्या पावसाळ्यात बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच निघते. परीक्षा सोपी आहे : कीबोर्ड चार्जरला जोडून ठेवावा आणि नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच टॅबवर अर्धा तास लिहावे. तुटणे थांबले तर दोष बॅटरीत किंवा तिच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेत आहे, आणि टॅबच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीवर विसंबू नये. जुन्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहण्याला होणारा अडथळा, वाढलेला असतो. नुसती मोजली तर ती भरलेली दिसते, पण रेडिओ प्रक्षेपण करताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो तेव्हा तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) खाली बसतो आणि कीबोर्डमधील चिप स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होते. लिहिणाऱ्याला एवढेच दिसते की कीबोर्ड दोन-तीन सेकंद मुका झाला आणि परत आला.

ज्या कीबोर्डांत ट्रिपल ए आकाराचे सेल बसतात, त्यांत हाच परिणाम वेगळ्या वाटेने होतो. आपल्याकडे समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत मीठ असते. सेलच्या खोबणीतील स्प्रिंगवर आणि पत्र्यावर त्याचा पातळ थर बसतो, त्यावर ओल धरते आणि गंज सुरू होतो. डोळ्यांना फक्त थोडा काळपटपणा दिसतो. सेल काढून ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावी आणि पूर्ण सुकू द्यावी. सेल गळून पांढरा चुरा जमला असेल, तर तो अल्कलाइन सेलमधून बाहेर आलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून झालेला असतो. तो बोटांना लावू नये, कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन आधी निष्प्रभ करावा, मग ती जागा अल्कोहोलने पुसावी. पुन्हा चार्ज करता येणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो आणि साध्या अल्कलाइन सेलचा १.५ व्होल्ट, त्यामुळे काही कीबोर्ड भरलेल्या सेललाही ‘कमी’ म्हणून दाखवतात. तो दोष नव्हे, पण संपत आलेले आणि नवे सेल एकत्र घालणे हा दोषच आहे.

‘रात्रभर चार्जिंगला लावला होता, तरी सकाळी मेला,’ ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे, आणि तिची दोन कारणे लोकांना ठाऊक नसतात. पावसात वीज गेली की आपण कीबोर्ड पॉवर बँकेला लावतो. पण कीबोर्डची बॅटरी इतकी लहान असते आणि ती इतका कमी प्रवाह ओढते, की अनेक पॉवर बँका काही जोडलेलेच नाही असे समजून थोड्या वेळाने स्वतःला बंद करतात. शंका असल्यास कीबोर्डबरोबर मोबाइलही त्याच पॉवर बँकेला लावावा, म्हणजे ती चालू राहते. दुसरे कारण तारेचे. स्वस्त कीबोर्डांना यूएसबी सी आकाराचे तोंड असते, पण त्याच्या आत चार्जरला ‘येथे उपकरण आहे’ असे सांगणारे दोन रोधक (रेझिस्टर) बसवलेले नसतात. दोन्ही टोकांना सी असलेल्या तारेने असा कीबोर्ड नव्या चार्जरला लावला तर चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी ए तोंड असलेली तार वापरली की तोच कीबोर्ड व्यवस्थित चार्ज होतो. पेडण्याच्या माझ्या एका शिक्षक मित्राने केवळ या तारेपायी कीबोर्ड फेकायला काढला होता.

ओलाव्याविषयी आणखी एक गोष्ट. पावसात भिजलेला कीबोर्ड तांदळाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. मी ती टाळावी असे सांगेन, कारण तांदळाची भुकटी कळांच्या खाली जाते आणि ओल फारशी निघत नाही. कीबोर्ड बंद करावा, सेल असतील तर काढावेत, उघड्या स्थितीत पालथा घालून पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवावा आणि तोपर्यंत चार्जिंगला लावू नये. एरवी तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवावा. स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत ओल्या रेनकोटशेजारी ठेवलेला कीबोर्ड उन्हाची तिरीप आली की अक्षरशः वाफेत बसतो. एका पावसाळ्यात मी हीच चूक रोज करत होतो.

आता ‘कककककक’ या दोषाकडे वळू. एक कळ एकदाच दाबावी आणि पडद्यावर अक्षरांची रांग लागावी, हे पाहिले की कळ अडकली असे वाटते. पण अक्षराची पुनरावृत्ती कीबोर्ड करत नाही, टॅब करतो. कळ दाबल्याचा निरोप आला आणि सुटल्याचा आला नाही, तर टॅबच्या दृष्टीने बोट अजून कळीवरच आहे, आणि तो ते अक्षर पुन्हा पुन्हा टाकत राहतो. म्हणजे ही रांग हरवलेल्या किंवा उशिरा पोचलेल्या निरोपाची खूण आहे. कळ खरोखरच अडकली असेल तर दर वेळी तेच अक्षर वाहते. रेडिओचा अडथळा असेल तर कधी ‘क’ वाहतो, कधी काना, कधी मोकळी जागा. एवढा एक फरक नीट पाहिला तर निम्मा तपास झाला.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते, आणि वाय-फायचा जुना पट्टाही तोच आहे. ब्लूटूथ या पट्ट्याचे लहान लहान भाग पाडते, जुन्या प्रकारात ७९ आणि कमी विजेच्या नव्या प्रकारात ४०, आणि गर्दीचे भाग टाळत त्यांवर उड्या मारत राहते. त्यामुळे साध्या अडथळ्यातून ते सहज निभावून जाते. पण बहुतेक टॅबांत आणि मोबाइलांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि अनेकदा एकच अँटेना वाटून घेतात. आपण लिहीत असताना मागे त्याच उपकरणावरून पन्नास फोटो २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवरून चढत असतील, तर कीबोर्डच्या निरोपांना वाट मिळायला उशीर होतो. माझ्या बाबतीत नेमके हेच घडत होते : मोबाइलचा हॉटस्पॉट चालू, टॅब त्याला जोडलेला, समारंभाचे फोटो पाठवणे सुरू, आणि मी त्याच टॅबवर बातमी लिहीत होतो. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाच्या गर्दीत, जेथे आजूबाजूला शेकडो मोबाइल असतात, ही अडचण इतकी वाढली की मला अर्धी बातमी वहीवर उतरवावी लागली.

परीक्षा अशी : टॅबचे वाय-फाय बंद करून, ब्लूटूथ तेवढे चालू ठेवून दहा मिनिटे लिहावे. रांगा लागणे थांबले तर कारण सापडले. मग हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा, टॅबला तो पट्टा घेता येत असेल तर. नसेल तर फोटो लेखन संपल्यावर पाठवावेत. ध्वनिमुद्रण ऐकत ऐकत लिहिणाऱ्यांनी ब्लूटूथ इअरफोनऐवजी तारेचा वापरावा, कारण आवाजाचा अखंड ओघ ब्लूटूथचा बराचसा वेळ खातो. टॅबला ओटीजी तारेने जोडलेली वेगवान यूएसबी ३ हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्हही याच पट्ट्यात गोंगाट सोडतो. तो काढून पाहावा. टॅब लोखंडी टेबलावर आडवा ठेवला असेल किंवा कीबोर्ड आणि टॅब यांच्यामध्ये पाण्याची बाटली असेल, तर तीही बाजूला करावी, कारण पाणी आणि धातू दोन्ही या लहरींना अडवतात. पूर्वीच्या काही हातसंगणकांना, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकांना, इन्फ्रारेड किरणांवर चालणारे कीबोर्ड जोडले जात. त्यांत दोन्ही उपकरणे समोरासमोर ठेवावी लागत आणि मध्ये काही आले की ते डोळ्यांना दिसे. आता आडोसा दिसत नाही, म्हणून तो एकेक वस्तू हलवून शोधावा लागतो.

चुंबकाचा दोष कमी जणांना भेटतो, पण ज्याला भेटतो त्याला फार छळतो. घडीचे काही कीबोर्ड मिटले की आपोआप बंद होतात, कारण एका पाटीतले चुंबक दुसऱ्या पाटीतल्या संवेदकासमोर येते. टॅबच्या कव्हरातही चुंबके असतात. कव्हराची पुढची बाजू दुमडून ती कीबोर्डच्या कडेवर टेकली, तर कीबोर्डला आपण मिटलो असे वाटते आणि तो बंद पडतो. उलट कीबोर्डमधील चुंबक टॅबच्या कडेला आले तर टॅबला कव्हर लागले असे वाटून त्याचा पडदा मालवतो. तुटणे विशिष्ट कोनात किंवा मांडीवर घेऊन लिहितानाच होत असेल, तर कव्हर पूर्ण काढून पाहावे. मी आता टॅब कव्हरावर उभा करत नाही, छोटा लाकडी रेहल वापरतो. पोथीसाठी केलेली ही वस्तू टॅबलाही उत्तम बसते, आणि तिच्यात चुंबक नसते.

आता लेआउटविषयी, आणि येथे मराठी लिहिणाऱ्याची अडचण इतरांहून वेगळी आहे. पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी निवडलेली असली, तरी ती बाहेरच्या कीबोर्डला लागू होईलच असे नाही. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या कीबोर्डचा लेआउट स्वतंत्र निवडावा लागतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ‘कीबोर्ड’ किंवा ‘भाषा व इनपुट’ या विभागात ‘फिजिकल कीबोर्ड’ असा पर्याय मिळतो. आवृत्तीप्रमाणे नाव थोडे बदलते आणि तो कीबोर्ड जोडलेला असतानाच नीट दिसतो. तेथे देवनागरीचा लेआउट नसेल तर बाहेरच्या कीबोर्डसाठी लेआउट पुरवणारे वेगळे ॲप घ्यावे लागते. आयपॅडमध्ये हीच गोष्ट जनरल, मग कीबोर्ड, मग हार्डवेअर कीबोर्ड येथे मिळते, आणि भाषा बदलायला कंट्रोल व स्पेस या कळा एकत्र दाबतात.

पुन्हा पुन्हा पेअर करणे येथे थेट घात करते. टॅब प्रत्येक कीबोर्डचा लेआउट त्या कीबोर्डच्या ओळखीशी बांधून ठेवतो. दोन-तीन उपकरणांना जोडता येणाऱ्या कीबोर्डांत १, २, ३ अशा जागा असतात, आणि अनेकांत प्रत्येक जागेचा ब्लूटूथ पत्ता वेगळा असतो. पहिल्या जागेवर नीट चालणारा कीबोर्ड आपण घाईत दुसऱ्या जागेवर पेअर केला की टॅबला तो नवा, अनोळखी कीबोर्ड वाटतो आणि लेआउट रोमनवर जातो. ‘जागा झाल्यावर इंग्रजी टाकतो’ या तक्रारीचे कारण आमच्यापैकी तिघांच्या बाबतीत हेच निघाले. त्याचप्रमाणे अनेक कीबोर्डांत एफएन (Fn) कळीबरोबर एखादी कळ दाबून अँड्रॉइड, विंडोज किंवा आयओएस असा प्रकार बदलता येतो. बोट चुकून त्यावर गेले की काही कळांची कामे बदलतात. कीबोर्डच्या तळाच्या लेबलवर किंवा कळांच्या कडेला लहान अक्षरांत त्या खुणा असतात, त्या एकदा वाचून ठेवाव्यात.

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण लेआउटवर लिहिणाऱ्यांनी गळणाऱ्या अक्षरांकडे आणखी बारकाईने पाहावे, कारण तेथे शिफ्टवर फार काही अवलंबून असते. ‘शाळा’ हा शब्द शिफ्टसह एम, ई, शिफ्टसह एन, ई असा टंकला जातो. शिफ्ट पोचली नाही तर पडद्यावर ‘साला’ उमटते. शाळेच्या बातमीत हा शब्द छापून गेला तर काय होईल ते सांगायला नको. फक्त शिफ्टचीच अक्षरे बिघडत असतील, म्हणजे ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘म’ आणि ‘ख’चा ‘क’ होत असेल, तर रेडिओ निर्दोष आहे; त्या बाजूची शिफ्ट कळ झिजली आहे किंवा तिच्याखाली कचरा गेला आहे. डावी आणि उजवी शिफ्ट यांचे निरोप वेगवेगळे जातात, तेव्हा दुसऱ्या बाजूची वापरून पाहावी. डी कळीवर हलन्त आहे. ती गळू लागली की ‘ग्रामसभा’ची ‘गरामसभा’ होते. दर वेळी जोडाक्षरेच फुटत असतील तर ती एकच कळ साफ करावी, सगळा कीबोर्ड बदलू नये.

एक मर्यादा दोष वाटते, पण तो दोष नव्हे. संगणकावर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ५, ६, ७, ८ या कळांवर ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरे एका फटक्यात येतात. अँड्रॉइडच्या लेआउट फाइलमध्ये एका कळीला एकच वर्ण देता येतो, आणि ही जोडाक्षरे युनिकोडमध्ये तीन-तीन वर्णांची बनलेली आहेत. त्यामुळे नुसता लेआउट बसवला तर त्या कळांवर ती मिळत नाहीत. ‘क्ष’ साठी क, हलन्त, ष; ‘त्र’ साठी त, हलन्त, र, असे फोडून लिहावे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ही असाच येतो : शिफ्टसह जे, मग डी, मग य आणि काना. पहिले दोन दिवस हात अडखळतो, नंतर अडखळत नाही.

नवा कीबोर्ड विकत घेणाऱ्यांनी पणजीच्या किंवा म्हापशाच्या दुकानात उभे असतानाच एक गोष्ट पाहावी. लहान घडीच्या कीबोर्डांत जागा वाचवण्यासाठी पी आणि एल या अक्षरांच्या उजवीकडच्या कळा काढून टाकतात किंवा एफएनखाली ढकलतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्या विरामचिन्हांच्या कळा वाटतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्यांच्यावर च, छ, ट, ठ, ड, ढ, ञ बसतात, आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य. उलट्या तिरप्या रेघेवर ‘ॉ’ आहे. अशा कीबोर्डवर ‘डॉक्टर’ लिहिताना एका शब्दात तीनदा एफएन दाबावी लागू शकते, आणि मग वेगाने लिहिताना अक्षरे गळतात ती कीबोर्डच्या घडणीमुळे, कोणत्याही बिघाडामुळे नव्हे. खोक्यावरचे चित्र पाहून भागत नाही. उघडून या सहा-सात कळा पूर्ण आकाराच्या आणि स्वतंत्र आहेत ना, ते बोटाने दाबून पाहावे.

एवढे सगळे तपासूनही जोडणी होत नसेल, यादीत कीबोर्ड दिसत असेल पण ‘जोडला’ असे येत नसेल, तेव्हा मात्र पेअरिंगच बिघडलेले असते. पेअर होताना दोन्ही बाजूंना एक समान गुप्त किल्ली साठवली जाते. एका बाजूची पुसली गेली आणि दुसरीची राहिली, तर दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून दोन्ही बाजू स्वच्छ कराव्यात : टॅबच्या यादीतून कीबोर्ड काढावा, कीबोर्डवर त्याच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे सर्व जोडण्या पुसाव्यात, टॅब बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि मग पूर्वीच्याच क्रमांकाच्या जागेवर पेअर करावा. पडद्यावर सहा आकडी संख्या आली तर ती पडद्यावर बोटाने नव्हे, कीबोर्डवर टंकून एंटर दाबायचे असते. आकडे टंकताना ते पडद्यावर दिसतीलच असे नाही, याने गोंधळू नये. त्यानंतर लेआउट पुन्हा निवडावा. तरीही होत नसेल तर टॅबच्या रीसेटच्या पर्यायांत फक्त वाय-फाय आणि ब्लूटूथचे सेटिंग पुसण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. त्याने साठवलेली वाय-फायची पासवर्डेही जातात, तेव्हा ती आधी लिहून ठेवावीत. संपूर्ण टॅब पुसण्याची वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही.

तपास करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी आठवडाभर वहीत तारीख, जागा, चार्जर होता की नाही, वाय-फाय चालू होते की बंद, आणि दोष कोणत्या रूपात दिसला, एवढे टिपले. माझ्या कीबोर्डमध्ये एकाच वेळी झोप, हॉटस्पॉट आणि सेलच्या स्प्रिंगवरचा गंज असे तीन वेगळे दोष होते. प्रत्येक वेळी पेअर करत राहिलो असतो तर हे तिन्ही मला एकच वाटत राहिले असते.

घडीच्या कीबोर्डचा एक दोष मात्र घरी दुरुस्त होत नाही. पाट्यांच्या सांध्यातून एक पातळ, लवचीक फीत जाते. वर्षभर दिवसातून दहा वेळा मिटून उघडल्यावर तिच्यातले तांब्याचे मार्ग तडकतात, आणि दमट हवेत त्या तडीत गंज शिरतो. मग एकाच बाजूच्या पाच-सहा कळा एकदम मरतात, आणि सांधा किंचित हलवला की क्षणभर जिवंत होतात. असे दिसले तर सेटिंग, वाय-फाय आणि बॅटरी यांपैकी कशालाही हात लावू नये. फीत बदलून देणारा कारागीर सापडला तर ठीक, नाहीतर तो कीबोर्ड उघडाच ठेवून घरच्या टेबलावर वापरावा. माझा पहिला कीबोर्ड आता तसाच, न मिटता, खिडकीपासून दूरच्या टेबलावर असतो, आणि घरी बसून लिहायच्या मजकुराला तो अजून पुरतो.